बार्शी रोड ते बार्शी टाऊन

(बार्शी येथे एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाची संहिता, थोड्या संक्षेपाने.)



'आपल्या गावाचे रेल्वे स्टेशन' हा विषय संयोजकांनी सुचवला तेव्हा मी थोडा बिचकलो. मी इतिहासाचा अध्यापक नव्हे. अर्थशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि अर्थशास्त्राच्या माणसाला इमारतींपेक्षा जमाखर्चाच्या वह्यांत अधिक रस असतो. तेव्हा स्टेशनाची इमारत कोणी बांधली, घंटा कोणी लावली, पहिल्या गाडीला तोरण कोणी बांधले, या गोष्टी माझ्याकडून अपेक्षू नका. हे स्टेशन कोणाच्या पैशाने झाले, कोणाच्या सोयीसाठी झाले आणि त्याचा हिशेब आजवर कोणी कसा मांडला, एवढेच मी सांगणार आहे.

आरंभ एका शब्दापासून करतो. देशाच्या लोहमार्गांच्या नकाशावर 'रोड' हे उपपद लावलेली पुष्कळ स्टेशने दिसतात. नाशिक रोड आहे, लातूर रोड आहे. जुन्या लहान मार्गावर कळंब रोड होते. या 'रोड'चा अर्थ इतकाच, की गाव येथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता येथून फुटतो. रेल्वेने गावाचे नाव घेतले, गाव मात्र घेतले नाही. आज आपण ज्याला कुर्डुवाडी म्हणतो त्या स्टेशनाचे पूर्वीचे नाव 'बार्शी रोड' होते. तेथून बार्शी २१ मैलांवर, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटरवर.

बार्शी काही आडबाजूची वाडी नव्हती. मुंबई इलाख्याच्या अगदी कडेला, निजामाच्या मुलखाला खेटून, बालाघाटाच्या पायथ्याशी वसलेली ही मोठी पेठ. घाटावरचा कापूस, गळिताची धान्ये, ज्वारी, तूर हे सारे येथे उतरायचे, येथेच त्याची आडत व्हायची आणि पुढे जायचे. असे असून मुख्य मार्गाने या पेठेला का टाळले? उत्तर शोधण्यासाठी मार्ग कोणी आखला हे पाहावे लागते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा ईस्ट इंडिया कंपनीशी १८४९ मध्ये करार झाला. भांडवल लंडनचे, जमीन फुकट, आणि गुंतवणुकीवर दरसाल ५ टक्के परताव्याची हमी. उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे अखेर शेतसारा भरणाऱ्या कुणब्याच्या गाठीतून भरून द्यायची. ज्याला नफ्याची हमी आधीच मिळालेली आहे, त्याला वाटेतल्या पेठेची विचारपूस करण्याचे कारण उरत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे मुंबई आणि मद्रास ही दोन टोके होती. पुण्याहून निघालेला हा मार्ग भीमेच्या खोऱ्याने १८५९ मध्ये बार्शी रोडला आणि १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला. १८७१ मध्ये रायचूरला तो मद्रासकडून आलेल्या मार्गाला मिळाला. बार्शी डावीकडे राहिली ती राहिलीच.

गंमत अशी, की बार्शी रोडला गाडी आली त्या वेळी बोरघाटातला मार्गही पुरा झालेला नव्हता. तो १८६३ मध्ये झाला. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीच्या दिवसांत बार्शीचा कापूस बैलगाडीतून बार्शी रोडला जात होता. भरल्या गाडीला दोन दिवसांची वाट. पावसाळ्यात काळ्या मातीत चाके रुतली म्हणजे तिसरा आणि चौथाही. ही स्थिती थोडीथोडकी नव्हे, ३८ वर्षे टिकली. पेठेतून निघालेल्या प्रत्येक गठड्यावर या ३४ किलोमीटरांचे भाडे चढत होते, आणि व्यापारी ते अर्थातच शेतकऱ्याच्या भावातून कापून घेत होता. दळणवळणाचा खर्च शेवटी कोणावर पडतो हे शिकवण्यासाठी मला वर्गात कधी परदेशी पुस्तकातले उदाहरण घ्यावे लागले नाही.

आता एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची गोष्ट. हा गृहस्थ १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुख्य मार्गापासून दूर राहिलेल्या पेठांना स्वस्त, हलक्या लोहमार्गांनी जोडावे, असे त्याच्या मनाने घेतले आणि बार्शीचा प्रस्ताव त्याने १८८७ च्या सुमारास मांडला. तो मान्य होऊन मार्ग प्रत्यक्षात यायला दहा वर्षे लागली. १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली, भारतमंत्र्याशी तिचा करार झाला आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन हा मार्ग खुला झाला. 'रोड'च्या जागी 'टाऊन' यायला इतका काळ जावा लागला.

कॅलथ्रॉपची कल्पना मात्र खरोखर हुशारीची होती, आणि साम्राज्यशाहीचा राग आहे म्हणून ते नाकारण्यात अर्थ नाही. रुळांतले अंतर अडीच फूट. मुख्य मार्गाचे साडेपाच फूट. कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, मग तो इंजिनाचा असो की डब्याचा, हे त्याचे सूत्र. त्यामुळे रूळ हलके चालले, पूल हलके चालले, आणि तरीही दाबीव पोलादाच्या चौकटीवर बांधलेल्या डब्यांत भरपूर माल मावला. लीड्सजवळ प्रयोगाचा मार्ग टाकून त्याने हे सारे आधी तपासून घेतले होते. पुढे त्याने इंग्लंडातच, स्टॅफर्डशायरमध्ये, लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्याचा लहान मार्ग उभारला. तो बार्शीच्याच नमुन्यावरचा. म्हणजे तंत्राच्या बाबतीत बार्शी ही इंग्लंडची गुरू ठरली, असे आपण अभिमानाने म्हणायला हरकत नाही. (हाच माणूस पुढे विमानातून उडी घेण्याच्या हवाई छत्र्या तयार करण्याच्या नादी लागला.)

पण येथेच एक बारीक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. मॅनिफोल्डच्या मार्गावर मोठ्या गेजचे डबे तसेच्या तसे लहान गाडीवर चढवून नेण्याची व्यवस्था कॅलथ्रॉपने केली होती. माल एका डब्यातून दुसऱ्यात हलवण्याचे कारण नव्हते. कुर्डुवाडीला मात्र प्रत्येक पोते, प्रत्येक गाठ लहान गाडीतून उतरवून मोठ्या गाडीत चढवली जात असे. एकाच माणसाच्या दोन मार्गांत हा भेद का? माझे उत्तर असे, की येथे त्या यंत्रणेपेक्षा हमालाची पाठ स्वस्त होती.

मार्ग ज्या वर्षी खुला झाला ते वर्षही ध्यानात घ्या. १८९६-९७ च्या दुष्काळाने दख्खन होरपळत होते, आणि सोलापूर हा सर्वांत जास्त झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांपैकी एक. रेल्वे दुष्काळात धान्य आणते, हा सरकारचा युक्तिवाद. तो खोटा नव्हता, पण अर्धा होता. जी गाडी धान्य आणते तीच, भाव वर असला म्हणजे, धान्य बाहेरही नेते. गाडी भूक पाहत नाही, खरेदीची ऐपत पाहते. रमेशचंद्र दत्तांनी याच सुमारास दाखवून दिले, की लोहमार्गांवर सरकार जो सढळ खर्च करते त्याच्या मानाने पाटबंधाऱ्यांकडे त्याचे लक्षच नाही. रेल्वे की पाणी, असा तो वाद होता. तो आपण थोडा बाजूला ठेवू. एकशेवीस वर्षांनी तो अतिशय चमत्कारिक रीतीने आपल्या दारात परत आला.

पुढची वाढ भराभर सांगतो. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला गेली, १९११ मध्ये निजामाच्या हद्दीत लातूरला, आणि १९२७ मध्ये दुसऱ्या टोकाला मिरजेला. एकूण २०२ मैल. कापसासाठी काढलेल्या मार्गाला विठोबाच्या वारकऱ्यांनी आपलेसे केले. आषाढी-कार्तिकीला डब्यांच्या टपांवरही माणसे बसलेली मी स्वतः पाहिली आहेत. लातूरचे म्हणाल तर त्या पेठेचे भाग्यच या गाडीने उघडले. आणि जे कंपनीच्या ताळेबंदात कधीच मांडले गेले नाही तेही याच रुळांवरून आले: वर्तमानपत्रे आली, पुण्या-मुंबईचे वक्ते आले, चळवळी आल्या. मार्गावरचे एक साधे गाव कसबे तडवळे. तेथे फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती. रझाकारांच्या अत्याचारांच्या काळात निजामाच्या हद्दीतून बाहेर पडणाऱ्या कुटुंबांना बार्शीने आसरा दिला, हे तर या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांनी आपल्या घरी ऐकलेले आहे.

१ जानेवारी १९५४ रोजी भारत सरकारने ही कंपनी विकत घेतली. लंडनला जाणारा नफा थांबला, कामगार सरकारी नोकर झाले, पगाराची आणि निवृत्तिवेतनाची शाश्वती आली. ही लहान गोष्ट नव्हे. तथापि आपण समाजवादाच्या बाजूची माणसे आहोत म्हणूनच हेही कबूल केले पाहिजे, की मालकी बदलल्याने हिशेबाची पद्धत बदलली नाही. पुढची पन्नास वर्षे हा मार्ग अडीच फुटांचाच राहिला. कुर्डुवाडीच्या फलाटावर पोती तशीच पाठीवर चढत आणि उतरत राहिली. रेल्वेच्या कागदोपत्री अशा मार्गांना एक नाव होते: 'अनुत्पादक शाखामार्ग'.

या शब्दाची मी जरा फोड करतो, कारण त्यात लबाडी आहे. समजा, बार्शीचा एक व्यापारी मुंबईला शंभर पोती तूर पाठवतो. बार्शी ते कुर्डुवाडी ३४ किलोमीटर. कुर्डुवाडी ते मुंबई त्याच्या कितीतरी पट. भाड्याची वाटणी किलोमीटरच्या प्रमाणात झाली, तर बहुतांश रक्कम मुख्य मार्गाच्या नावे जमा होते आणि शाखामार्गाच्या पदरी चिल्लर पडते. पण शाखामार्ग नसता तर ती पोती मुख्य मार्गावर आलीच नसती; ती ट्रकने परस्पर गेली असती. ओढ्याचे पाणी नदीत गेल्यावर नदीची पातळी मोजायची आणि ओढा कोरडा म्हणून तो बुजवायला काढायचा, असा हा हिशेब. ज्या गाडीत माल एकदा उतरवून पुन्हा चढवावा लागतो आणि जी ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने जाते, तिचा माल कमी होणारच; मग माल कमी म्हणून पैसा द्यायचा नाही, आणि पैसा नाही म्हणून सुधारणा नाही.

येथे माझी स्वतःची एक आठवण सांगण्याचा मोह आवरत नाही. माझे वडील येथल्या एका आडत दुकानात दिवाणजी होते. दुकानातल्या बिल्ट्यांच्या फाइलींवर मी अंक गिरवायला शिकलो. मी पुण्याला पदव्युत्तर शिक्षणासाठी निघालो तेव्हा पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि आईने दिलेला ज्वारीच्या भाकरीचा डबा घेऊन याच गाडीत बसलो. कुर्डुवाडीला उतरून मोठ्या गाडीची वाट पाहत रात्र काढली. शेजारी पोत्यांच्या थप्पीला टेकून एक म्हातारा हमाल बसला होता. माझी ट्रंक त्याने उचलली नाही. विद्यार्थ्याने हमाली देऊ नये, स्वतः उचलावी, असे म्हणाला. मी त्याला विचारले, रूळ मोठे झाले तर बरे नाही का? तो म्हणाला, "बरंच की. पण मग आमाला कोन बोलावनार?" पुढे मी संक्रमणाची किंमत कोण मोजतो या विषयावर वर्गात पुष्कळ बोललो. त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मात्र मला देता आलेले नाही. रुंदीकरण झाले तेव्हा कुर्डुवाडीच्या त्या हमालांचे काय झाले, याची चौकशी आपल्यापैकीही फारशी कोणी केली नाही. मीही केली नाही.

रुंदीकरण सहजासहजी झाले नाही. गोविंदभाई श्रॉफांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेने ब्रॉडगेजचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला होता; त्या मागणीच्या वातावरणाचा फायदा आपल्या मार्गालाही मिळाला असे मी मानतो. पंढरपूरचा तुकडा या शतकाच्या आरंभी झाला. लातूर ते उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, २००७ मध्ये आणि तेथून कुर्डुवाडीपर्यंत २००८ मध्ये. पंढरपूर-मिरज भाग २०१०-११ मध्ये पुरा झाला. जुनी गाडी धाराशिवला शिवतच नव्हती, येडशीवरून परस्पर जायची. नवा मार्ग तेवढा वळवून जिल्ह्याच्या गावी नेला. इतक्या वर्षांनी का होईना, मार्ग आखताना गावाचा विचार झाला.

आणि मग २०१६ चा एप्रिल आला. मांजरा धरण कोरडे पडले होते. लातूरला प्यायला पाणी नव्हते. मिरजेला कृष्णेचे पाणी टाक्यांच्या वाघिणींत भरून गाडी निघाली आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी असा प्रवास करून १२ एप्रिलला लातूरला पोहोचली. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, पाणी सुमारे ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, एका फेरीत २५ लाख लिटर. ऑगस्टपर्यंत शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या आणि २५ कोटी लिटरच्या आसपास पाणी गेले. लातूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेचार लाखांच्या वर होती. भागाकार तुम्हीच करा: मोठ्या गाडीची एक फेरी म्हणजे माणशी सहा-साडेसहा लिटर. पुरेसे नव्हतेच, पण घशाची कोरड भागवणारे होते.

ती गाडी ज्या मार्गाने गेली तो मार्ग कोणता? १९२७ मध्ये पूर्ण झालेला, मिरज ते लातूर, तोच. ज्याला अनुत्पादक म्हणून अर्धे शतक खितपत ठेवले तोच. कुर्डुवाडीला अडीच फुटांचे रूळ त्या दिवशी असते, तर पाण्याच्या वाघिणी तेथेच उभ्या राहिल्या असत्या. पाणी काही पोत्यासारखे पाठीवर घेऊन दुसऱ्या डब्यात टाकता येत नाही. हा मार्ग तोट्याचा की फायद्याचा, हे त्या चार महिन्यांचा आकडा मांडल्यावाचून कोणत्या वहीत ठरणार? मे महिन्यात रेल्वेने सुमारे ४ कोटी रुपयांचे बिल लातूरच्या प्रशासनाकडे पाठवल्याच्या बातम्या आल्या. बिल प्रशासनानेच मागवले होते, असा खुलासाही झाला. असेल. मला त्या आकड्याचा राग आला नाही. उलट एका तहानेल्या शहराची किंमत रेल्वेच्या हिशेबात रुपयांत लिहिली गेली, याची नोंद मी अर्थशास्त्राचा माणूस म्हणून केली.

आणि आता दत्तांचा वाद. लोहमार्ग की पाटबंधारे, असे त्यांनी विचारले होते. आपण असे उत्तर दिले, की पाटबंधारे बांधू, त्यांतले पाणी उसाला देऊ, आणि प्यायचे पाणी लोहमार्गाने आणू. सोलापूर आणि लातूर या दोन्ही दुष्काळी जिल्ह्यांत साखर कारखान्यांची धुराडी मोजायला बसलात तर वेळ लागेल. पाण्याच्या गाडीचे कौतुक करताना आपण हे विसरलो. मी त्या दिवसांत येथल्या फलाटावर जाऊन ती गाडी पाहिली. बार्शीतही तेव्हा टँकर फिरत होते. पाण्याने भरलेल्या वाघिणी एकामागून एक समोरून जात होत्या आणि फलाटावर घागर घेऊन आलेल्या दोन-तीन बायका, ती येथे थांबेल अशा समजुतीने, उभ्या होत्या.

थांबणे हाच स्टेशनाचा सारा प्रश्न आहे. ब्रॉडगेज झाले, गाड्या लांबच्या झाल्या. पण कोणती गाडी कोठे थांबणार हे ठरवणाऱ्या टेबलापाशी गावाला अजून खुर्ची नाही. २०१७ मध्ये लातूर-मुंबई गाडी बिदरपर्यंत नेली तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले. जागांची वाटणी हे भांडणाचे कारण. मुळात गाड्या कमी का, हा प्रश्न तसाच राहिला. त्याच वर्षी स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्पाची १९२० च्या दशकापासूनची प्रथा बंद झाली. ती प्रथा ब्रिटिशांची होती हे खरे, पण वर्षातून एकदा लोकसभेत खासदारांना आपल्या आडगावच्या स्टेशनाचे नाव उच्चारण्याची संधी तीमुळे मिळत होती. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत गेली. करोनाच्या साथीनंतर पॅसेंजर गाड्या 'विशेष' म्हणून धावू लागल्या आणि १० रुपयांचे किमान तिकीट ३० रुपये झाले. ते पूर्ववत व्हायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. कुर्डुवाडीच्या बाजाराला भाजीची पाटी घेऊन जाणाऱ्या बाईला येण्याजाण्याचे ६० रुपये म्हणजे काय, हे मोजण्याची तसदी कोणी घेतली नाही. मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी बाकांवर दोन इंच जाडीच्या फोमच्या गाद्या घालायला घेतल्या. कोणी त्याला किरकोळ म्हटले असेल. पण रेल्वेच्या एकूण पैशातला पहिला रुपया कोणाच्या पाठीसाठी खर्च करायचा, याचा तो निर्णय होता.

आज मी दोनच गोष्टी मागतो. शाखामार्गाने मुख्य मार्गाला किती प्रवासी आणि किती माल पुरवला, याचा हिशेब रेल्वेने स्टेशनवार प्रसिद्ध करावा. संगणकाच्या काळात ते अवघड नाही. दुसरे, थांबे आणि अनारक्षित डबे ठरवताना तालुक्याच्या लोकप्रतिनिधींचे, बाजार समितीचे आणि रोज ये-जा करणाऱ्या प्रवाशांचे म्हणणे लेखी घ्यावे आणि त्याला लेखी उत्तर द्यावे. कार्यकर्त्यांनी या दोन मागण्यांवर सह्या गोळा करायला कुर्डुवाडीपासून सुरुवात केली तर मी बरोबर येईन. गुडघे दुखतात, पण गाडीत बसून येता येते.

शेवटी एक विनंती. येथल्या जुन्या आडत दुकानांच्या माळ्यांवर बार्शी लाईटच्या काळातल्या बिल्ट्या, मालधक्क्याच्या पावत्या, हमाली रजिस्टरे पडून असतील. ती रद्दीत घालू नका. वडिलांच्या दुकानातल्या काही बिल्ट्या मी जपून ठेवल्या आहेत; त्या आज सोबत आणल्या आहेत आणि बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. पाहून झाल्यावर तेथेच ठेवाव्यात.